लंगडणारा घोडा आणि नालबंदी

घोडा लंगडू लागला की दुखणे बहुतेक वेळा खुरातच सापडते. उभ्या घोड्याचे सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते, त्यामुळे पुढचेच पाय अधिक दुखावतात. दुडक्या चालीत दुखरा पुढचा पाय जमिनीला टेकताना घोडा मान वर उचलतो. दुखरा पाय ओळखण्याची ही पहिली खूण आहे.

खुराचे बाहेरचे कवच आपल्या नखासारखे असते. त्याला संवेदना नसते आणि ते महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. आतल्या बाजूला नाजूक, रक्ताने भरलेले पदर असतात आणि तेच कवचाला खुरातल्या हाडाशी बांधून ठेवतात. तळव्याच्या कडेने एक फिकट रेषा दिसते. नालाचा खिळा नेहमी या रेषेच्या बाहेरून गेला पाहिजे. तो आत घुसला तर जिवंत भागाला जखम होते. रेषेला अगदी खेटून गेला तरी आत दाब येतो आणि एक-दोन दिवसांत घोडा लंगडतो. घोडा अचानक पायच टेकेनासा झाला, तर खुरात पू झाल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी नाल काढून पुवाला वाट करून द्यावी लागते. जखम भरेपर्यंत नवा नाल ठोकू नये.

नाल निवडण्याआधी खूर नीट कापणे महत्त्वाचे. पुढचे टोक वाढले आणि टाच खचली, की पाय उचलताना खूर उशिरा उलटते. त्या क्षणी खुराच्या मागून जाणारा स्नायुबंध जास्त ताणला जातो. टोक कमी करून नालाची पुढची कड गोलसर केली की हा ताण हलका होतो. खुरातल्या नावेच्या आकाराच्या लहान हाडाजवळ दुखत असेल, तर याबरोबर टाचेला आधार देणारा, मागून जोडलेला बंद नाल वापरतात. काही घोड्यांची टाच पाचरीने थोडी उचलतात.

नाजूक पदरांना सूज येणे हा सर्वांत गंभीर प्रकार. धान्य किंवा कोवळे गवत अति खाल्ल्याने, तसेच शरीरातील मोठ्या संसर्गानेही तो होतो. पदरांची पकड सुटली, की आतले हाड फिरते किंवा खाली सरकते. येथे कवचाच्या टोकावरचा भार काढून तो तळव्याच्या मागच्या मऊ, त्रिकोणी भागावर द्यायचा असतो. त्यासाठी मध्ये आधारपट्टी असलेला किंवा उलटा बसवलेला नाल वापरतात. पट्टीचा दाब थोडाही जास्त झाला तर वेदना वाढते, म्हणून हाडाची जागा आधी क्ष-किरण चित्रात पाहावी लागते. खुराच्या बाजूला उभी भेग पडली असेल, तर बंद नाल लावून भेगेखालची कड थोडी खरवडतात, म्हणजे त्या जागी भार येत नाही.

खूर सतत वाढत असल्याने दुरुस्तीही कायमची नसते. निरोगी घोड्याची नालबंदी सहा ते आठ आठवड्यांनी करतात; लंगड्या घोड्याची चार-पाच आठवड्यांतच करावी लागते. माथेरानसारख्या मोटारबंदीच्या गावात तर घोड्याच्या पायावर अनेक कुटुंबांची चूल पेटते. तेथे झिजलेला नाल वेळेवर बदलणे ही घोड्याइतकीच मालकाचीही गरज आहे.

दुखणे कुठे आहे हे पशुवैद्याने शोधावे आणि त्यानुसार नालबंदाने खूर घडवावे. निदानाविना ठोकलेला नाल, कितीही महाग असला तरी, घोड्याला बरा करत नाही.