स्काउट चळवळीतील सोपान-परीक्षा आणि स्काउटमास्तरचा अर्थनिर्णय : पोशेरा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर घेतलेल्या प्रायोगिक शिबिरातून स्काउट चळवळीचा उगम झाला. १९०९ मध्ये ती भारतात आली आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी येथील वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संस्था आकारास आली. या संस्थेत मुलाची प्रगती प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशा क्रमाने होते. प्रत्येक टप्प्याच्या अटी नियमपुस्तिकेत दिलेल्या आहेत. परंतु 'हे या मुलास आले' असा निर्णय प्रथमतः स्काउटमास्तरलाच द्यावा लागतो. हा निर्णय कसा घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात मोखाडा तालुक्यातील पोशेरा परिसराच्या संदर्भात केला आहे.

नियमातील मोकळीक :

नियम म्हणजे केवळ बंधन, हा समज अपुरा आहे. स्काउट वचनातील 'ईश्वर' या शब्दाऐवजी इच्छेनुसार 'धर्म' हा शब्द घेण्याची मुभा नियमानेच दिली आहे. वारली कुटुंबात वाघोबाला मानणाऱ्या मुलास ईश्वर शब्दाचा अर्थ कोणता लावावा हे सांगण्याचा अधिकार स्काउटमास्तरकडे नाही. वचनातील 'यथाशक्ती' हा शब्दही महत्त्वाचा आहे. मुलाचे मोजमाप त्याच्या प्रामाणिक प्रयत्नाच्या संदर्भात व्हावे, अशी अपेक्षा त्यात आहे.

तथापि मोकळीक सर्वत्र सारखी नाही. काय यावे, हे नियम ठरवितो. ते कसे, कोठे व केव्हा शिकवावे, हे बहुतांशी स्काउटमास्तरवर सोपविलेले असते. या दोहोंतील सीमारेषा पुसट झाली की तीन दोष संभवतात : अट शिथिल करणे, स्वतःची अट वाढविणे आणि अटीचा हेतू विसरून केवळ शब्द पाळणे.

पोशेरा परिसरातील प्रश्न :

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे आदिवासीबहुल तालुके आहेत. येथील मूल चूल पेटविते, मोळी बांधते, रानवाट ओळखते. त्यामुळे 'याला हे येतेच' असे म्हणून न पाहताच सही करण्याचा मोह होतो. उलट, 'पुस्तकातील पद्धत नाही' म्हणून त्याचे ज्ञान नाकारलेही जाते. दोन्ही निर्णय चुकीचे आहेत. उदाहरणार्थ, बोलाइन गाठीचा फास ताण पडला तरी आवळत नाही. म्हणूनच माणसास वर ओढून घेण्यासाठी ती सांगितली आहे. मोळीची गाठ आवळत जावी लागते. मुलास हा फरक दाखविल्यास त्याच्या हातातील कौशल्यावरच नवी गाठ उभी राहते. येथे अट कायम राहते, बदलते ती शिकविण्याची वाट.

अधिक गंभीर प्रश्न स्थलांतराचा आहे. दिवाळीनंतर या भागातील अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व अन्य कामांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुलेही सोबत जातात. शिबिरास सोयीचा कोरडा हंगाम नेमका हाच असतो. परिणामी जे मूल गावी राहू शकते तेच पुढच्या सोपानावर जाते. वरिष्ठ पुरस्कारांना पुढे व्यावहारिक मोलही येते. भारतीय रेल्वेच्या भरतीत स्काउट-गाईड कोटा आहे. त्यामुळे गैरहजेरीचा अर्थ कसा लावला जातो, यावर मुलाची पुढील संधी काही अंशी अवलंबून असते.

अशा वेळी सोपानासाठी ठरविलेला किमान काळ कमी करणे हा उपाय नव्हे. तसेच भट्टीवरील श्रमास 'सेवाकार्य' म्हणून मान्यता देणेही अयोग्य, कारण त्यामुळे बालश्रमालाच प्रतिष्ठा मिळेल. मात्र स्काउटमास्तरास पुढील गोष्टी नियमाच्या चौकटीत करता येतात :

१. मुक्कामी शिबिर पाऊस ओसरल्यानंतर, दिवाळीपूर्वी घेणे.
२. पूर्ण झालेल्या प्रत्येक बाबीची त्याच दिवशी तारखेसह नोंद करणे, म्हणजे परतलेल्या मुलास पहिल्यापासून आरंभ करावा लागणार नाही.
३. स्थलांतरास अनास्था न मानणे, आणि मूल परतताच त्यास त्याच्या संघात पूर्वीचे स्थान देणे.
४. शंकास्पद बाबीत एकट्याने निर्णय न घेता जिल्हा संघटनेचा लेखी सल्ला घेणे.

समारोप :

वरच्या सोपानांची परीक्षा पथकाबाहेरचे परीक्षक घेतात. खालच्या टप्प्यावर दयाबुद्धीने केलेली सही तेथे टिकत नाही, आणि अपमान मात्र मुलाच्या वाट्याला येतो. म्हणून अट सौम्य करण्यात मुलाचे हित नाही. अटीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्याच्या जीवनक्रमातून काढण्यात आहे. महाविद्यालयात रोव्हर पथक चालविणाऱ्या, किंवा उपस्थिती व अंतर्गत गुणांवर सही करणाऱ्या प्राध्यापकांपुढेही हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा असतो. नियम सर्वांना समान असला तरी तो गाठण्यासाठी चालावे लागणारे अंतर समान नसते. ते अंतर ओळखणे हे नियम मोडणे नसून नियमाचा हेतू पाळणे होय.