परवडणारी टेलिफोटो झूम लेन्स

टेलिफोटो झूम लेन्सच्या किमतींत मोठी तफावत दिसते, ती मुख्यतः प्रकाशामुळे. ३०० मिलिमीटर फोकल लेंग्थला एफ/२.८ अ‍ॅपर्चर हवे असेल, तर पुढच्या भिंगाचा व्यास निदान १०७ मिलिमीटर लागतो, एफ/५.६ ला ५४ मिलिमीटर पुरतात. मोठी भिंगे निर्दोष घडवणे खर्चिक असते आणि त्यांनी लेन्सही जड होते. स्वस्त लेन्समध्ये पल्ला पूर्ण मिळतो, प्रकाश मात्र एक चतुर्थांश. ही उणीव आपल्या विषयाला कितपत नडेल, हे निवडीपूर्वी ठरवावे. दिवसाउजेडी टिपायच्या दृश्यांना ती फारशी नडत नाही. संध्याकाळचे जंगल किंवा रंगमंच असेल, तर नक्की नडते.

पल्ला सेन्सरवरही अवलंबून असतो. नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी सेन्सर असतो. कॅननच्या अशा कॅमेऱ्यावर २५० मिलिमीटरची लेन्स फुल फ्रेमवरच्या ४०० मिलिमीटरइतकेच अरुंद दृश्य टिपते. मैदानी खेळ, मिरवणुका आणि मोठे प्राणी यांना एवढा पल्ला बहुधा पुरतो. लहान पक्ष्यांसाठी मात्र ४०० ते ६०० मिलिमीटरची लेन्स लागते.

पल्ला वाढला की हाताचा कंपही मोठा दिसतो. एपीएस-सी कॅमेऱ्यावर २५० मिलिमीटरला शटर स्पीड साधारण १/४०० सेकंद ठेवावा, असा ढोबळ नियम आहे. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल, तर स्थिर विषय याहून बराच कमी स्पीड ठेवूनही स्पष्ट येतो. कॅननच्या लेन्सवर ‘आयएस’, निकॉनवर ‘व्हीआर’, सोनीवर ‘ओएसएस’ आणि टॅमरॉनवर ‘व्हीसी’ ही स्टॅबिलायझेशनची खूण. विषयाची हालचाल मात्र स्टॅबिलायझेशनने थांबत नाही. भिगवणला होडीतून उडते रोहित (फ्लेमिंगो) पक्षी टिपताना १/१००० सेकंद किंवा त्याहून जलद शटरच हवा. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागतो.

स्टॅबिलायझेशन आहे की नाही हे कळावे म्हणून बाजारातल्या लेन्सची नावे बारकाईने वाचावीत. कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम २०१३ साली आली. तिचे वजन ३७५ ग्रॅम असून अ‍ॅडॅप्टर लावल्यास ती आरएफ माऊंटच्या मिररलेस कॅमेऱ्यांवरही चालते. कॅननच्याच ७५-३०० तृतीय आवृत्तीत स्टॅबिलायझेशन नाही. निकॉनची एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआरसह आणि व्हीआरविना अशा दोन रूपांत आली; डी९०, डी७००० यांसारख्या जुन्या कॅमेऱ्यांशी ती जुळत नाही. पक्ष्यांसाठी कॅनन आरएफ १००-४०० ही ६३५ ग्रॅमची लेन्स सुटसुटीत आहे, पण ४०० मिलिमीटरला तिचे अ‍ॅपर्चर एफ/८ पर्यंतच उघडते. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १५०-६०० लेन्स सुमारे दोन किलोच्या. त्यांच्यासोबत मोनोपॉडचा खर्चही धरावा.

जुनी लेन्स घेतली, तर त्याच पैशांत वरचा दर्जा मिळू शकतो. टॉर्चच्या उजेडात भिंगांच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली, तर ती लेन्स नाकारावी. धुळीचे थोडे कण मात्र चालतात. सर्वांत लांब फोकल लेंग्थला पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर आणि एफ/८ वर एकेक फोटो काढून ते मोठे करून पाहावेत. एफ/८ वरही कडा पुसट असतील किंवा चौकटीची एकच बाजू अस्पष्ट असेल, तर लेन्समध्ये दोष असण्याची शक्यता असते. कोकणासारख्या दमट हवेत लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावी आणि जेल ओलसर झाले की बदलावे.