निळ्या पाटीवर हक्क कोणाचा?

कॅलिफोर्नियात गाडीच्या आरशाला अडकवलेली निळी पाटी म्हणजे अपंगांसाठी राखीव जागेत गाडी लावण्याचा कायमस्वरूपी परवाना. लाल पाटी तात्पुरती, जास्तीत जास्त सहा महिन्यांची. दोन्हींसाठी डॉक्टरांचा दाखला लागतो.

पाटी गाडीची नसते, माणसाची असते. आजींना दवाखान्यात नेताना ती लावावी. पण आजी घरी असताना नातवाने तीच पाटी लावून मॉलच्या दाराशी गाडी उभी केली, तर 250 ते 1,000 डॉलर दंड होऊ शकतो.

गैरवापराचं मोठं कारण म्हणजे पाटीधारकाला पार्किंग मीटरचे पैसे भरावे लागत नाहीत. 1999 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या अनेक आजी-माजी फुटबॉलपटूंवर अशा पाट्या बेकायदा मिळवल्याचा खटला झाला. धडधाकट खेळाडू ते! पुढे 2017 मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांना आढळलं, की शंभरी गाठलेल्यांच्या नावावर सुमारे 26,000 पाट्या आहेत. राज्यात शतायुषी माणसं होती अंदाजे 8,000. धारक वारला तरी पाटीचं नूतनीकरण आपोआप होत राही. आता दर सहा वर्षांनी सहीनिशी अर्ज करावा लागतो.

पोलीस आणि मोटार वाहन विभागाचे अधिकारी पाटी आणि ओळखपत्र मागून पडताळणी करतात. मात्र हृदयाचा किंवा फुप्फुसांचा विकार बाहेरून दिसत नाही, म्हणून नुसत्या चालण्यावरून कुणाला हटकणं अन्यायाचं ठरतं.

राखीव जागेशेजारच्या तिरप्या पट्ट्यांवर तर पाटीधारकालाही गाडी लावता येत नाही. व्हॅनचा उतार तिथेच टेकतो आणि व्हीलचेअर त्यावरूनच खाली येते.