‘वॉचफुल वेटिंग’ : एका शब्दाची किंमत

मी डॉक्टर नव्हे. एका शब्दाच्या मागे लागून या विषयात शिरलो. प्रोस्टेटचा कर्करोग ग्रंथीतच असताना सापडला, तर शस्त्रक्रिया, किरणोपचार की केवळ देखरेख? ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ चाचणीत हे पाहायचे होते. कोणाला काय मिळणार, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरणार होते. सुरुवातीला निम्म्याहून अधिक रुग्ण नाही म्हणत. जेनी डोनोव्हन आणि सहकाऱ्यांनी डॉक्टर-रुग्णांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून ऐकल्या. देखरेखीला डॉक्टर ‘वॉचफुल वेटिंग’ म्हणत; रुग्णांना त्यात ऐकू येई, ‘तुम्ही मराल, आम्ही बघत बसू.’ हा पर्याय सांगितलाही जाई सर्वांत शेवटी. पुढे क्रम बदलला, नाव ‘अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरिंग’ झाले, होकार ७० टक्क्यांपर्यंत गेले.

अखेर १६४३ पुरुष सहभागी झाले. २०२३मध्ये पंधरा वर्षांचे निष्कर्ष आले: तिन्ही गटांत या कर्करोगाने झालेले मृत्यू तीन टक्क्यांच्या आसपास. देखरेखीच्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण मात्र जवळपास दुप्पट. तर लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता यांना सर्वाधिक फटका शस्त्रक्रियेचा. म्हणजे रुग्णाने निवडायचे ते कसे जगायचे, हे. पण त्यासाठी ते कोणीतरी उघड बोलावे लागते. आपल्याकडे ‘बघू’चा अर्थ बहुधा ‘नाही’ असतो. आणि शेजारी सून बसलेली असताना लघवी गळेल का, हे सासरे विचारत नाहीत. ‘थांबू या’ऐवजी ‘दर तीन महिन्यांनी रक्त तपासू, पीएसए वाढला तर उपचार ठरवू’ असे डॉक्टरांनी म्हणावे, आणि त्याआधी पाच मिनिटे नातेवाइकांना बाहेर बसवावे.