हार्ड डिस्क : भरवसा किती आणि कुणावर?

आपल्या मराठी विभागाने गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या चाळीस कॅसेट्स आता संगणकावर उतरवून झाल्या आहेत. त्यांत गाणाऱ्या आजींपैकी काही आज हयात नाहीत, म्हणजे पुन्हा मुद्रण करू म्हटले तर ते शक्य नाही. हा सारा ठेवा सध्या एका हार्ड डिस्कमध्ये आहे. पुष्कळांच्या घरीही हीच स्थिती असते. लग्नाचे फोटो, वडिलांची पत्रे, प्रबंधाची टिपणे, सगळे एकाच पेटीत! तेव्हा ही पेटी कशी निवडावी, याचा विचार कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनीही करायला हरकत नाही.

हार्ड डिस्क म्हणजे चुंबकीय थर दिलेल्या गुळगुळीत तबकड्या. मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत त्या फिरतात आणि वाचणारे टोक त्यांच्यावरून काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगते. इतके नाजूक यंत्र वर्षानुवर्षे चालते हेच नवल. आयबीएमने १९५६ साली पहिली अशी डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये अख्खे ग्रंथालय बसते; पण ती पडली तर जातेही अख्खे ग्रंथालयच.

कंपन्यांच्या माहितीपत्रकात 'सरासरी १० लाख तास' असा आकडा झळकतो. हिशेब केला तर ही ११४ वर्षे होतात! अर्थात एखादी डिस्क आपल्या पणतवंडांपर्यंत टिकेल असे त्यातून कोणी समजू नये. एक हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर सुमारे नऊ बिघडतील, एवढाच त्याचा अर्थ. आणि तोही कागदावरचा. २००७ साली बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कचा अभ्यास केला, तेव्हा वर्षाला शेकडा २ ते ४ डिस्क बदलाव्या लागणे नेहमीचे आढळले. काही ठिकाणी हे प्रमाण १३ पर्यंत गेले होते. त्याच वर्षी गूगलच्या संशोधकांनी दाखवले, की बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी आधी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते. दुखणे न कळवता जाणाऱ्या माणसासारखेच हे.

मग कोणती कंपनी चांगली? दुकानदाराला विचारावे तर ज्यात त्याला नफा जास्त ती. आज या डिस्क बनवणाऱ्या कंपन्या उरल्या आहेत तीनच : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. बॅकब्लेझ ही अमेरिकन साठवण-कंपनी २०१३ पासून आपल्याकडच्या हजारो डिस्कच्या बिघाडाचे आकडे प्रसिद्ध करते. ते पाहिले की ध्यानात येते, प्रश्न कंपनीचा कमी आणि मॉडेलचा जास्त. सीगेटचे ३ टेराबाइटचे एक मॉडेल तिथे भराभर मान टाकू लागले. पण त्याच सीगेटचे ४ टेराबाइटचे मॉडेल कितीतरी बरे ठरले. म्हणून नाव पाहून नव्हे, मॉडेलचा क्रमांक पाहून खरेदी करावी.

आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. काही डिस्कमध्ये जागा वाचवण्यासाठी लेखनाच्या रेषा कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. मधले एक कौल बदलायचे तर शेजारची उचलावी लागतात, तसे इथे लिहिताना होते, आणि काम मंदावते. प्रत काढून कपाटात ठेवायला ही डिस्क चालेल. घरातल्या सर्व यंत्रांना जोडलेल्या साठवण-पेटीत मात्र ती नको. २०२० साली वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' मालिकेतल्या काही डिस्क अशा असल्याचे उघड झाले, तेव्हा ग्राहक चिडले ते उगाच नव्हे.

अशा पेटीत दोन डिस्क बसवून एकीचे प्रतिबिंब दुसरीत ठेवता येते. अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधण्याची ही विद्या शास्त्रशुद्ध रीतीने मांडली ती १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन (वर आलेले तेच!) आणि कॅट्झ यांनी. एक डिस्क गेली तरी काम अडत नाही, हे खरे. पण चुकून फाइल पुसली, तर प्रतिबिंबातूनही ती त्याच क्षणी पुसली जाते. चोर पेटीच उचलून नेईल, पावसाचे पाणी शिरेल, वीज जाता-येता दोन्ही डिस्क एकदम दगावतील. प्रतिबिंब म्हणजे प्रत नव्हे, हे येथे बहुतेकजण विसरतात.

यावर छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला हिशेब सोपा आहे : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. १९९८ साली पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाचे बरेचसे काम एका चुकीच्या आज्ञेने पुसले गेले आणि कार्यालयातली राखीव प्रत सदोष निघाली. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या बाईंच्या घरच्या संगणकावर असलेल्या प्रतीमुळे.

आता आपल्या ओव्यांचे. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला सुमारे ६३५ मेगाबाइट लागतात; तासाभराच्या चाळीस कॅसेट्स म्हणजे पंचवीस गिगाबाइटच्या आसपास. एवढ्यासाठी महागडी पेटी घेण्याचे कारण नाही. वेगवेगळ्या मॉडेलच्या दोन साध्या डिस्क आणि एखादी भाड्याची ऑनलाइन जागा पुरे. एक डिस्क विभागाच्या कपाटात, दुसरी ग्रंथपालांकडे. दर सत्राच्या आरंभी दोन्ही जोडून पाच-दहा ओव्या प्रत्यक्ष वाजवून पाहाव्यात. आणि हे कोणी करायचे, त्या विद्यार्थ्याचे नाव विभागाच्या फलकावर लिहून ठेवावे.