रायफलची नळी : बदलावी की रायफल विकावी?

रायफल ‘झिजली’ असे लोक म्हणतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा तिचा उडालेला रंग किंवा तडकलेला लाकडी दस्ता असतो. खरे म्हणजे झिजते ती नळी, आणि तीही आतून. साध्या बारा बोअरच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत मात्र पेचदार खाचा कोरलेल्या असतात. गोळी या खाचांत घट्ट घुसते, पुढे सरकताना स्वतःभोवती फिरते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहून सरळ जाते. खाचांच्या कडा बोथट झाल्या की पकड सुटते. मग नेम फाकतो, आणि फारच झिजली असेल तर कागदाच्या निशाणावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडते, कारण गोळी आडवी होऊन आदळते.

हा विषय मी निवडला याचे कारण आमच्या घरी अशी एक रायफल आहे. पणजोबा पोलीस पाटील होते, त्यांनी ती १९६६ साली घेतली. आज परवाना आजोबांच्या नावावर आहे. ती .३१५ बोअरची, बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली आहे. लष्कराची .३०३ ची काडतुसे सामान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांच्या काळात खाजगी वापराला ती बंद होती, त्यातून आपल्याकडे.३१५ रूढ झाली. परवान्यावर .३१५ लिहितात आणि काडतुसाच्या बुडावर ८ एम. एम. असते. माप एकच, पण यावरून आमच्या गावात वाद झालेले मी ऐकले आहेत!

आता नळी कशाने खराब होते ते पाहू. काडतूस बसते त्याच्या लगेच पुढचा भाग सर्वांत आधी जातो, कारण जळत्या दारूचा तप्त वायू पहिल्यांदा तिथे आदळतो. परंतु त्यासाठी काही हजार बार उडावे लागतात. जागलीला जाणारा शेतकरी वर्षाला पाच-दहा बार उडवतो. त्या हिशोबाने आमची नळी शंभर वर्षे टिकायला हवी होती. ती गेली गंजाने. जुन्या काडतुसांच्या प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाल्यावर त्याचा मिठासारखा क्षार नळीत उरतो आणि पावसाळी हवेतील ओल ओढून घेतो. हा क्षार तेलात विरघळत नाही. म्हणून आधी गरम पाण्याने नळी धुवायची, कोरडी करायची आणि मग तेल लावायचे, असा क्रम आहे. पुष्कळ घरांत नुसते तेल लावून रायफल खुंटीला टांगली जाते, आणि तेलाखाली गंज आपले काम करीत राहतो. दुसरे कारण साफ करण्याचा गज. तो तोंडाकडून घातला तर नळीच्या तोंडाची कड घासली जाते, आणि गोळी शेवटी तिथूनच सुटते. या रायफलचा बोल्ट मागे ओढून काढता येतो, तेव्हा गज मागूनच घालावा.

नेम फाकला म्हणून लगेच नळीला दोष देऊ नये. दस्त्याचे स्क्रू सैल असतात, लाकूड पावसाळ्यात फुगून नळीला दाबते, खाचांत गोळ्यांचे तांबे साचते. हे सर्व आधी तपासावे. आमच्या रायफलचे स्क्रू आवळून झाले, तांबे काढून झाले. परवानाधारक कारागिराने उजेडाकडे धरून दाखवले, तेव्हा मधल्या वीतभर भागात खाचांऐवजी खड्डेच दिसत होते.

मग नळी बदलावी का? अमेरिकेत हौशी लोक नळी टायरसारखी बदलतात. तिथल्या केंद्रीय कायद्यात बंदूक म्हणजे तिचा मुख्य सांगाडा. नळी दुकानात सुटी मिळते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार शस्त्राचे भागही शस्त्रातच मोडतात, आणि दुरुस्तीसाठीसुद्धा कारागिराकडे परवाना लागतो. शिवाय नळी पेचात फिरवून बसवली की काम संपत नाही. बोल्टचे तोंड आणि काडतुसाचे बूड यांतील अंतर मापाने तपासावे लागते. ते जास्त राहिले तर पितळी टरफल फाटून तप्त वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येऊ शकतो. काटकसर करण्याची ही जागा नव्हे.

वडिलांचे मत नळी बदलावी असे होते. तीन पिढ्यांची वस्तू, आणि रानडुकरे व रोही तुरीत शिरतात हेही खोटे नाही. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंधने आली, १९९१ च्या दुरुस्तीने तिची उरलीसुरली वाट बंद झाली. पिकात शिरलेले डुक्कर मारायचे तरी वनखात्याची लेखी परवानगी हवी. आजोबांनी एका वाक्यात निकाल दिला : “नवी नळी बसवशीन, पन झाडशीन कुठं?” मला त्यांचेच म्हणणे पटते. परवानाधारकाने सत्तरी गाठली की वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो, हे खरे. पण वडिलांना रात्री नीट दिसत नाही, आणि एकवीस वर्षे पुरी झाल्याशिवाय मला परवाना मिळणार नाही. माझे एकोणीस चालू आहे. आणि खरे सांगायचे तर मला नकोच आहे.

विक्रीची रीत अशी : जिल्हादंडाधिकारी किंवा जवळचे पोलीस ठाणे यांना ग्राहकाच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचे आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचे. ग्राहकाकडे स्वतःचा परवाना हवाच. आजोबांनी अर्ज देऊन चाळीस दिवस झाले आहेत. ग्राहक शेजारच्या तालुक्यातला आहे. नळीतले खड्डे आजोबांनी त्याला अंगणात, उन्हाकडे धरून, स्वतः दाखवले. किंमत बरीच उतरली. वडील दोन दिवस बोलले नाहीत, पण आजोबांनी काही रक्कम वाढवून मागितली नाही.