लॅपटॉपचा वेग आणि त्याचें मोल

जून महिना आला कीं यवतमाळ जिल्ह्यांत बियाण्यांच्या खर्चाबरोबरच मुलांच्या शिक्षणाचा खर्चहि उभा राहतो, आणि अलीकडे त्यांत लॅपटॉपची भर पडली आहे. दुकानांत सारखींच दिसणारीं दोन यंत्रें असतात; किमतींत मात्र मोठें अंतर असतें. "याचा प्रोसेसर अधिक वेगवान आहे," असें विक्रेता सांगतो. हें अंतर सोळा हजार रुपयांचें धरलें, तर २०२५-२६ च्या हंगामांतील लांब धाग्याच्या कापसाच्या आधारभूत किमतीनें, म्हणजे क्विंटलला ८,११० रुपये या दरानें, तें सुमारें दोन क्विंटल कापसाएवढें होतें. तेव्हां याचा निर्णय हिशेबानेंच झाला पाहिजे.

प्रोसेसर हा आकडेमोड करतो. परंतु त्या आकडेमोडीची सामग्री त्याला दुसरीकडून मिळते. कायमच्या सांठ्यांतून ती रॅम नांवाच्या तात्पुरत्या स्मृतींत येते व तेथून प्रोसेसरकडे जाते. या वाटेवर कोठेंहि खोळंबा झाला, तर प्रोसेसर रिकामा बसून राहतो.

याचा दाखला याच जिल्ह्यांत सांपडतो. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरील शकुंतला रेल्वेला १९९४ मध्यें वाफेच्या इंजिनाऐवजीं डिझेलचें इंजिन मिळालें. इंजिन बदललें, पण रूळ जुनेच राहिले. आणि त्या रुळांवरून गाडी मंद गतीनेंच चालत राहिली.

आतां हिशेब पाहा. एखाद्या कामाला दहा मिनिटें लागतात आणि त्यांपैकीं चारच मिनिटें प्रोसेसर राबतो, असें समजा. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला, तर त्या चारांचीं दोन मिनिटें होतील व काम आठ मिनिटांत उरकेल. वेग दुप्पट, बचत मात्र पांचव्या हिश्शाची! जीन ॲमडाल यांनीं १९६७ मध्यें समांतर संगणनाविषयीं जो विचार मांडला, त्याच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे. उलट, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजीं एसएसडी असली, तर यंत्र सुरू होण्याचा वेळ डोळ्यांना दिसेल इतका घटतो.

नांवांतील आंकडाहि कित्येकदां फसवा असतो. इंटेलच्या सातव्या पिढींतील आय-७ ७५००यू या प्रोसेसरांत दोन गाभे होते. २०१७ मध्यें आलेल्या आठव्या पिढींतील आय-५ ८२५०यू मध्यें चार. शिवाय उन्हाळ्यांत पारा चाळिशीपलीकडे गेला व पातळ यंत्रांतील उष्णता बाहेर पडेनाशी झाली, कीं प्रोसेसर आपण होऊन आपला वेग कमी करतो. मग जादा दिलेले पैसे ऐन कामाच्या वेळीं निरुपयोगी ठरतात.

तथापि वेगवान प्रोसेसर सर्वांनाच अनावश्यक, असें नव्हे. चलच्चित्रांचें संपादन, यंत्रभागांचीं त्रिमित रेखाटनें, मोठ्या प्रोग्रॅमची जुळणी, या कामांत प्रोसेसर सतत राबतो. तेथें अधिक पैसे सार्थकीं लागतात. शिवाय आजच्या बहुतेक लॅपटॉपांत तो पक्का जोडलेला असल्यानें मागाहून बदलतां येत नाहीं. एसएसडी, व कित्येक यंत्रांत रॅमहि, पुढें वाढवितां येते.

म्हणून खरेदीपूर्वीं विद्यार्थ्यानें महाविद्यालयाच्या वा मित्राच्या संगणकावर आपलें नेहमींचें काम करून पाहावें आणि त्या वेळीं टास्क मॅनेजर उघडावा. प्रोसेसरचा आंकडा सतत शंभर टक्क्यांच्या जवळ राहत असेल, तर वेगवान प्रोसेसर घ्यावा. रॅम किंवा डिस्क भरून वाहत असेल, तर पैसा तेथें घालावा. यांपैकीं कांहींच होत नसेल, तर दोन क्विंटलांचे पैसे घरींच ठेवावेत. ते पुढील सत्राच्या शुल्काला उपयोगीं पडतील.